मावशीचा डावा कान

स्टेनहुक गावात मांजराचं काहीही निघालं की लोक एकच नंबर फिरवायचे, नोएलाचा. कुणाच्या गोदामात भाटी व्याली, लाव नोएलाला. चर्चमागे रात्रभर बोके भांडले, लाव नोएलाला. नगरपालिकेत भटक्या मांजरांचं एक टेबल होतं म्हणे, पण त्या टेबलावरच्या माणसानंही हाच नंबर काचेखाली सरकवून ठेवला होता. फुकट राबणारी बाई सापडली की गाव कसं निवांत होतं, हे काय सांगायला हवं!

काम तसं साधं, आणि जीव खाणारं. आदल्या दिवशी मांजरांना कुणी खायला घालायचं नाही. पहाटे पिंजरा लावायचा, आत तारलीची डबी उघडून ठेवायची आणि लांब गाडीत बसून राहायचं. दार पडलं की वर चादर टाकायची, म्हणजे मांजर शांत होतं. मग डॉक्टरकडे. ऑपरेशन झालं की भुलीतच डाव्या कानाचं टोक कापायचं आणि दुसऱ्या दिवशी मांजर जिथलं तिथं सोडून द्यायचं. कान अशासाठी, की तेच मांजर पुन्हा सापडलं तर पुन्हा पोट फाडायची पाळी येऊ नये. कापलेला कान दिसला की दार उघड, हा नियम. बिनकापलेला एक जरी राहिला तरी दोन वर्षांत गोतावळा पुन्हा होता तेवढा होतो, हाही नियमच.

नोएलानं हे काम हौसेनं घेतलं नव्हतं. बत्तीस वर्षं ती गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभी होती. समोरून पालक वाहायचा, त्यातले खडे, काटक्या आणि एखाददुसरा बेडूक वेचून काढायचा. हात गार, पाय गार, डोक्यात मात्र समुद्र. ओस्टेंडला तिची धाकटी बहीण लुक्रेस राहायची, सहाव्या मजल्यावर, दोन खोल्यांत. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. कारखाना सुटला की नवराबायकोनं तिकडे जायचं, शेजारचीच जागा भाड्यानं घ्यायची, असं नोएलानं ठरवून टाकलं होतं. तिनं ठरवलं होतं. नवऱ्याचं नाव ओमेर, आणि ओमेरनं काय ठरवलं होतं हे त्या माणसाच्या तोंडून काढायला सांडशी लागली असती.

ओमेर वाईट नव्हता हो. दारू बेताची, हात उगारणं माहीत नाही, शनिवारचे बटाटे स्वतः तळायचा. पण 'नाही' हा शब्द देवानं त्याला दिलाच नव्हता. काहीही विचारा, उत्तर एकच: "हं. बघू." आणि परसात त्याची ढाबळ. शर्यतीची चाळीस कबुतरं, एकेकाची वंशावळ तोंडपाठ. स्वतःच्या सासऱ्याचं नाव विसरेल, पण निळ्या नराची पणजी कुठल्या सालात फ्रान्समधल्या बूर्जहून शर्यतीत पहिली आली ते सांगेल.

कारखाना सुटला त्या वर्षी नोएला म्हणाली, "मग, कधी जायचं?"

ओमेरनं कॉफीत बिस्किट बुडवलं. "त्या भट्टीवरची मांजरं एकदा संपू देत. माझ्या पिल्लांवर टपलेली असतात मेली. त्यांचं वाढणं थांबलं, म्हणजे मीही ढाबळ निवांत दुसऱ्याच्या हाती देईन. मग जाऊ."

लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्यानं केलेला हा पहिला सरळ करार. नोएलानं तो पदरी बांधून घेतला.

भट्टी म्हणजे गावाबाहेरची, बिअरमध्ये घालायचा हॉप सुकवायची जुनी इमारत. हॉप गेला, मालक गेला, राहिली मांजरं. एकोणतीस. नोएला नगरपालिकेतून सहा पिंजरे घेऊन आली आणि दोन वर्षांत अठ्ठावीस मांजरांचे कान कापून झाले. एक उरली, राखाडी, पिवळ्या डोळ्यांची, पक्की बेरकी. पिंजऱ्याभोवती फिरायची, वास घ्यायची आणि निघून जायची. तिच्यासाठी नोएला एक अख्खा हिवाळा गाडीत बसली आणि मार्चमध्ये तिचं कंबरेचं हाड गेलं. इस्पितळ, नवा खुबा, तीन आठवडे पलंग.

आणि तिथे एका दुपारी ओमेर आला, मनगटाला पट्टी बांधलेला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "राखाडी सापडली."

"काय?"

"पिंजरा लावला. आली. डॉक्टरकडे नेली, सोडून पण आलो. झालं तुझं काम."

नोएला ढसाढसा रडली. मांजरांना शिव्या घालणारा हा माणूस, आपल्यासाठी पहाटे उठून तिथे बसला! मनगटावर ओरखडे केवढे! नर्सकडून मलम मागून तिनं स्वतः लावलं. पुढे वर्षभर ती ज्याला त्याला हे सांगत सुटली. बेकरीत सांगितलं, केस कापणाऱ्या बाईला सांगितलं. "बोलत नाही हो तो, पण करून दाखवतो."

ओस्टेंडच्या जागेचे कागद त्या उन्हाळ्यात करायचे होते. ऑगस्टमध्ये भट्टीवर चार पिल्लं दिसली.

नोएलाला आधी खरंच वाटेना. कान कापलेली राखाडी त्या पिल्लांपाशी बसलेली, त्यांना चाटतेय. नोएला कौतुकानं म्हणाली, "बघा, स्वतःला होणार नाहीत तर परक्यांची सांभाळते. मावशी आहे नुसती!" तेव्हापासून राखाडीचं नावच मावशी पडलं. पण मग यांची आई कोण? कुठेतरी एक बिनकापलेली भाटी राहिली असणार. नोएलानं पुन्हा पिंजरे मांडले. ती सापडली नाही. वसंतात पाच पिल्लं. मग पुन्हा तीन.

"मी पाहिली काल," ओमेर एकदा जेवताना म्हणाला. "काळी आहे. भट्टीमागे शिरली."

"काळी? पुरती काळी?"

ओमेरनं घास गिळला. "एक पाय पांढरा."

झालं. नोएला पांढऱ्या पायाच्या काळीमागे लागली. एक वर्ष, दोन, चार, सहा. गावानं त्या मांजरीचं नाव भूत ठेवलं. खाटीक दुकानाच्या दारातून ओरडायचा, "काय नोएला, भूत सापडलं का? नाही, पाव किलो कलेजी देऊ का त्याला?" ती हसायची आणि घरी येऊन दार आपटायची. दर शनिवारी लुक्रेसचा फोन, दर शनिवारी तेच उत्तर: एवढी एक सापडू दे गं. सोडून जाता येत नव्हतं. शब्द दिलेला, कामाला हात घातलेला, आणि अर्धवट टाकून गेली तर दोन वर्षांत सगळं पाण्यात. सकाळी गाडीच्या काचेआडून भट्टीकडे बघताना तिला कधीकधी वाटायचं, तारलीची डबी तिकडे नाही, इथे माझ्या पुढ्यात आहे, आणि दार केव्हाच पडलंय.

मावशी मात्र सुधारली होती. पिंजऱ्यात शिरलं की फुकट मासा मिळतो आणि बाई कान बघून दार उघडते, एवढं तिला कळलं होतं. काळीसाठी लावलेल्या पिंजऱ्यात नऊ वेळा हीच सापडली. नोएला कपाळाला हात लावायची. "तू पुन्हा? चल, चरून झालं असेल तर नीघ."

यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी लुक्रेस फोनवर वेगळ्याच आवाजात बोलली. "ताई, माझी नजर आता अगदीच गेली. गॅस पेटलाय की नाही ते हात धरून बघते. मला एकटीला राहू देणार नाहीत. वृद्धाश्रमात खोली मिळतेय, पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय. तू येत असशील तर मी नाही म्हणते. नसशील तर राग नाही गं, पण आता 'बघू' म्हणू नकोस."

आठवडाभर नोएलानं सहाच्या सहा पिंजरे लावले. काळी आली नाही. पुढच्या शनिवारी पहाटे शेवटचा पिंजरा लावला, दार पडलं, नोएला लंगडत धावली, आणि आत मावशी. दहाव्यांदा. गपागपा तारली खात होती.

नोएला तिथेच गवतात बसली आणि मोठ्यानं रडली. मग नियमाप्रमाणे कान बघितला, कापलेला, आणि दाराला हात घातला. तेव्हा मावशीनं मान वर केली. उजवा डोळा पुवानं चिकटला होता, पार सुजलेला. असं कसं सोडायचं? नोएलानं चादर टाकली आणि पिंजरा गाडीत चढवला.

गावातली नवी डॉक्टर आनलोर, तिशीची, बोलायला चटपटीत. म्हातारा डॉक्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आनलोरनं मावशीला भूल दिली, डोळा धुतला, औषध भरलं. मग पोटावरून हात फिरवता फिरवता थांबली. आणखी एकदा चाचपलं. यंत्र घेतलं आणि पोटावरचे केस भादरले.

"नोएलाबाई, इकडे या जरा. ही गाभण आहे. तीनेक आठवडे झालेत."

"कशी असेल? तिचं ऑपरेशन झालंय. कान बघ ना."

"कान बघितला. पोटही बघा. टाक्याचा वण कुठंय? या मांजरीला आजवर कुणी हात लावलेला नाही. आणि हे सड बघा, कितीतरी वेळा व्यालीय ही." तिनं कानाचं टोक चिमटीत धरून दिव्याखाली आणलं. "हा कान डॉक्टरनं कापलेला नाही. आम्ही चिमटा लावून एका रेषेत कापतो. इथे दोन चावे आहेत, बघा. एक इथे, एक इथे. छोट्या पकडीचे. कुणी केलं असेल हो असं?"

छोटी पक्कड नोएलाच्या डोळ्यांसमोर होती. ढाबळीच्या दारामागे खिळ्याला लटकलेली, मेलेल्या कबुतराच्या पायातली कडी कापायची. कडी जाड असते, एका दाबात तुटत नाही, ओमेर दोनदा दाबतो. आणि मनगटावरचे ते ओरखडे! मलम लावलं होतं आपण त्यांना, फुंकर घालून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी कसली, आईच होती ती, सहा वर्षं सगळ्या पिल्लांची. दहा वेळा हातात आली आणि नऊ वेळा आपणच दार उघडलं.

"काय करायचं?" डॉक्टरनं हळूच विचारलं. "पोटात आहेत, तरी करू?"

हा प्रश्न नोएलानं शंभरदा ऐकला होता आणि दर वेळी एका श्वासात उत्तर दिलं होतं. आज तिनं टेबलाची कड घट्ट धरली. पोटातल्यांची तिला दया आली, मावशीची आली, आणि स्वतःचीही आली.

"कर," ती म्हणाली. "आणि कान पण नीट कापून दे. एका रेषेत."

दुपारी दीडला ती घरी पोचली. शनिवारी दीड वाजता त्या घरात श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. सकाळी बूर्जला कबुतरं सोडलेली असायची, साडेचारशे किलोमीटर उडून ती याच सुमाराला यायची. मेपासून ऑगस्टपर्यंत दर शनिवारी बाराच्या आत वाळत घातलेले कपडे काढायचे, परसात पाऊल टाकायचं नाही, खिडकी उघडायची नाही. कबुतर बिचकलं तर ढाबळीत उतरत नाही, आणि आत शिरल्याशिवाय शर्यतीच्या घड्याळात वेळ नोंदली जात नाही. चाळीस उन्हाळे नोएलानं शनिवार दुपारी स्वयंपाकघरात पडदा ओढून काढले होते.

आज तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि परसाच्या बरोब्बर मधोमध नेऊन ठेवली. ढाबळीच्या दारामागची पक्कड काढून आणली. मग चादर झाकलेला पिंजरा पायाशी ठेवला आणि बसली.

ढाबळीशेजारच्या खोपटातून ओमेरचा दबका आवाज आला. "नोएला! वेड लागलं का? येतायत! आत जा!"

नोएला हलली नाही.

दक्षिणेकडून तीन ठिपके आले. पुढे निळा नर. घरावर आले, पंख मिटून खाली झेपावले, आणि परसातली बाई बघून पुन्हा वर उचलले गेले. एक फेरी, दोन फेऱ्या. मग शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसले. ओमेर बाहेर आला, दाण्याचा डबा छातीशी धरून, तोंड लालबुंद.

नोएलानं चादर बाजूला केली. मावशी अजून भुलीत होती, पोट भादरलेलं, त्यावर टाका.

"हिचा कान कोणी कापला, ओमेर?"

"मी तेव्हा सांगितलं ना... डॉक्टरनं."

नोएलानं पक्कड पिंजऱ्यावर ठेवली. टण्‌ असा आवाज झाला. ओमेर पकडीकडे बघत राहिला, मग कौलांकडे.

"पक्षी तिकडे बसलेत गं. मिनिटं चाललीत."

"जाऊ देत. माझी सहा वर्षं गेली. काळी कुठंय? भट्टीमागे शिरलेली? पांढरा पाय पण दिलास की रे तिला! बसून विचार केलास, का घास गिळता गिळता सुचला?"

ओमेरनं डबा खाली ठेवला. मूग गिळून बसायची चाळीस वर्षांची सवय, पण आज गिळायला काही उरलं नव्हतं.

"सहाव्या मजल्यावर कुठे ठेवू मी यांना?" तो म्हणाला. "आणि मी काय करू तिथे? समुद्राकडे बघू? पाणी आहे ते नुसतं."

"मग नाही म्हणायचं होतंस! एक शब्द!"

"तू विचारलंस कधी?" त्याचा आवाज फाटला. "जायचं का, असं तू एकदाही विचारलं नाहीस, नोएला. कधी जायचं, एवढंच विचारायचीस. नाही म्हटलं असतं तर एकटी गेली असतीस. घाबरलो मी. मला वाटलं, एकच कान आहे, कुणाचं काय जातंय."

पहिलं वाक्य खरं होतं. तिनं कधीच विचारलं नव्हतं. पण शेवटचं खरं नव्हतं.

"कुणाचं काय जातंय? एकतीस पिल्लं झाली हिला सहा वर्षांत. त्यातली अकरा माझ्या मांडीवर मेली, थंडीनं, डोळे फुटून. तू पेटीला खिळे मारून द्यायचास, पुरायला. आणि मी इस्पितळात तुझा हात धरून रडले होते रे. सगळ्या गावाला सांगत फिरले. लाज कशी वाटली नाही तुला?"

"वाटली," ओमेर म्हणाला. "रोज वाटायची."

वर कौलांवर निळा नर पंख साफ करत होता. पहिला नंबर केव्हाच दुसऱ्याच्या ढाबळीत गेला होता. शेवटी ओमेरनंच पिंजरा उचलून गॅरेजात सावलीला ठेवला, वरून चादर घातली.

रविवारी सकाळी नोएलानं आधी फोन लावला. "लुक्रेस, वृद्धाश्रमाला नाही सांग. दुपारच्या गाडीनं येतेय." पलीकडे बहीण रडत होती की हसत होती, कळलं नाही. मग तिनं बॅग भरली, फार काही नव्हतंच, आणि बॅग-पिंजरा दोन्ही घेऊन भट्टीवर निघाली. ओमेर न बोलावता मागून आला आणि पिंजरा तिच्या हातातून घेतला. तिचा खुबा जड ओझ्याला दुखतो, हे त्याला माहीत होतं.

"दार तू उघड," नोएला म्हणाली. "पकडली होतीस ना तू."

त्यानं उघडलं. मावशी जागची हलली नाही. नोएलाकडे बघत बसली, नेहमीसारखी. नोएलानं पिशवीतून तारलीची डबी काढून आत सरकवली.

"जात नाहीये गं ती," ओमेर म्हणाला.

"जाईल. डबी संपू दे."

दोघं उभी राहिली. मावशीनं डबी चाटूनपुसून साफ केली, तोंड पुसलं, आणि मागे न बघता भट्टीच्या भिंतीकडे चालू लागली. डाव्या कानाची नवी कड सरळ होती.

"पिंजरे गॅरेजात आहेत, पाच, आणि सहावा हा," नोएला म्हणाली. "मांजरांचा फोनही टेबलावर ठेवलाय. वाजला की उचलायचा. आणि बघू म्हणायचं नाही, लगेच जायचं."

ओमेरनं मान हलवली. रिकामा पिंजरा हातात घेऊन तो तसाच उभा होता. भट्टीसमोरच्या बसथांब्यावर बस येऊन थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "परत येशील ना? कधी येशील?"

नोएलानं बॅग वर चढवली.

"शनिवारी कबुतरांसाठी बसतोस तसा परसात बसत जा," ती म्हणाली. "बोलायचं नाही, हलायचं नाही. आले तर दिसेनच."